गावातील मुलामुलींच्या गायनपथकाने टाळ्यांच्या पुढे कसे जावे?

प्रश्न : शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

आमच्या गावात आठवीपासून महाविद्यालयापर्यंतच्या मुलामुलींचे गायनपथक आहे. पेटी, ढोलकी आणि खंजिरी एवढ्याच साथीवर ही मुले बालविवाह, हुंडा, दारू आणि शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बायांचे जगणे यांवर समूहगीते गातात. कार्यक्रमाला गर्दी होते, सत्कारही होतात. परंतु याच पथकातील दहावीच्या एका मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मंचावर खणखणीत गाणाऱ्या त्या मुलीला घरी एक शब्दही बोलता आला नाही. आमची बहुतेक गाणी तयार मिळालेली, योजनांच्या प्रचाराची आहेत. या गाण्यातून मुलींना स्वतःसाठी बोलण्याचे बळ यावे, याकरिता काय करावे? शिवाय एकत्र गाताना मुलींचा आवाज दबतो, त्यावरही उपाय सुचवावा.

उत्तर : भजनी मंडळातील कार्यकर्ता, अमरावती जिल्हा

ताई, गाण्यातून गाव जागे करण्याची परंपरा आपल्याच मातीत आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजने गात खेडी पालथी घातली आणि 1942 मध्ये इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले, इतका त्या भजनांचा धाक होता. तुमच्या अडचणीवर मात्र गाडगेबाबांची रीत अधिक उपयोगी पडेल. बाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. ज्याने सर्वांसमक्ष उत्तर दिले, त्याला नुसत्या टाळ्या वाजवून घरी जाता येत नाही. म्हणून ध्रुवपदातच प्रश्न ठेवा आणि उत्तर येईपर्यंत पुढचे कडवे घेऊ नका.

शब्द मुलींनाच लिहू द्या. आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत मुलींची शाळा बुडते, बोंडांच्या टोकांनी बोटे सोलवटतात, तरी सायंकाळी त्या सरावाला येतात. त्यांना आम्ही वही दिली, तेव्हा पहिली ओळ आली, "वेचणीचा भाव किलोवर, माझी शाळा कोणाच्या भरवशावर?" चालीत बसवायला ती अवघड होती, पण आम्ही शब्द बदलले नाहीत, चाल बदलली. ज्या मुलीने स्वतःचे म्हणणे असे चारचौघांत मांडले आहे, तिला घरातही तेच म्हणणे मांडणे सोपे जाते, हा माझा पक्का अनुभव आहे.

उत्तर : संगीत शिक्षक, वर्धा

मुलींचा आवाज दबण्याचे कारण बहुधा पट्टी, म्हणजे गाण्यासाठी धरलेला पेटीवरचा आधारस्वर, हे असावे. पेटीवाला स्वतःच्या सोयीने काळी एक (पेटीवरील पहिल्या काळ्या पट्टीचा स्वर) धरतो आणि मुलींचे खालचे स्वर ऐकूच येत नाहीत. काळी चार किंवा पाच धरून कडवी मुलींना द्या, मुलांनी ध्रुवपद खालच्या सप्तकात उचलावे. ज्यांचा आवाज फुटत आहे, त्या मुलांकडे काही महिने खंजिरी सोपवा.

उत्तर : ग्रामपंचायत सदस्या, चंद्रपूर जिल्हा

गाण्यानंतरची पायरी आधीच ठरवून ठेवावी. 2006 च्या कायद्यानुसार मुलीचे लग्नाचे वय 18 आणि मुलाचे 21 आहे. आपल्या राज्यात गावपातळीवर ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. तक्रारीसाठी 1098 हा क्रमांक आहे. गाणे संपताच मुलांनी ही माहिती स्पष्ट सांगावी. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी लागते. तेथे गाऊन लगेच ठराव मांडता येतो. विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये केला, तसा तुमच्याकडेही होऊ शकेल.

एक विनंती आहे. एखाद्या बाईच्या नवऱ्याच्या मृत्यूवर गाणे रचण्यापूर्वी तिला विचारा, आणि तिने नको म्हटले तर ते गाणे सोडून द्या. तिच्या दुःखावर गावाने रडावे, यापेक्षा सातबाऱ्यावर तिचे नाव चढावे, हे मला महत्त्वाचे वाटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. पट्टी उद्याच्या सरावापासूनच बदलते. वही आज दिली. त्या दहावीच्या मुलीने ती घरी नेली आहे. महिला सभेची तारीख ग्रामसेवकांकडून घेऊन कळवते, जवळ असाल तर अवश्य या.