गेमिंग कन्सोल पोरांसाठी की थोरांसाठी?

मिऱ्याबंदर: काल रत्नागिरीत भाच्यासाठी कन्सोल, म्हणजे टीव्हीला लावून गेम खेळायचा डबा, बघायला गेलो. दुकानदार विचारतो, "तुम्हाला की पोराला?" पंचेचाळिशीच्या माणसाला हा प्रश्न! माझं मत स्पष्ट आहे: खेळणं पोरांचं. कंपन्या मोठ्यांना नुसत्या आठवणी विकतात. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने 2016 मध्ये जुन्याच 30 गेम्सचा छोटा डबा पुन्हा विकायला काढला. तो कुठल्या पोराने मागितला होता?

खाडीपलीकडे: दादा, 'खेळणं' हा शिक्का मुद्दाम मारलेला आहे. 1983 ला अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा बसला, दुकानदार माल ठेवेनात. म्हणून निन्टेन्डोने 1985 ला सोबत रोबो देऊन कन्सोल खेळणं म्हणून खपवला. सोनीचं प्लेस्टेशन जपानात 1994 ला आलं. ब्रिटनमध्ये त्यांनी ते थेट नाइटक्लबात मांडलं, गिऱ्हाईक विशीतलं हवं होतं. 2000 च्या पीएस2 वर (म्हणजे प्लेस्टेशन 2 वर) डीव्हीडीवरचे सिनेमेही बघता यायचे, त्यामुळे घरातल्या कर्त्यालाही खर्च पटला.

आंबेवाली: पटवणं हाच तर त्यांचा धंदा! पन्नास हजारांच्या घरातली वस्तू. आमच्याकडे हापूसच्या फवारणीचे पैसे अजून उधार आहेत, आणि धाकट्या दिरांना कन्सोल हवाय. पोराने हट्ट केला तर समजावता येतं. बाप्याला कोण समजावणार?

तांडेल_भाई: वहिनी, उधारीवर घेऊ नये, हे शंभर टक्के खरं. पण माझं ऐका. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर किनाऱ्याला. दोन महिने खलाशाने करायचं काय? मी आणि भावाने निम्मे-निम्मे घालून जुना पीएस4 घेतला. लहानपणी चुलतभाऊ गणपतीला मुंबईहून गेमची पिवळी कॅसेट आणायचा. चालली नाही की काढून पिनांवर फुंकर मारायची, परत दाबून बसवायची. आम्ही पाच पोरं, रिमोट दोन. माझी पाळी आली की हमखास लाइट जायची. ती पाळी मी आता स्वतःच्या कमाईतून घेतोय, जाहिरात बघून नाही. खाऱ्या हवेने पोर्ट गंजतात, म्हणून आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवतो.

मिऱ्याबंदर: भाई, तुझं पटलं. पण माझा भाचा बारा वर्षांचा, आणि मागतोय तो गेम, डब्यावर 18 लिहिलेला. जाहिरात मोठ्यांसाठी म्हणतात, ती त्याच्यापर्यंत पोचलीच ना?

तांडेल_भाई: तो देऊ नका. फुटबॉलचा घ्या आणि सोबत बसा. दोन रिमोट असलेलाच सेट मागा.