मॅकबेथवर 'स्वतःचं' मत आणायचं कुठून? (सल्ला हवा)

बिनओळींची_वही:
परीक्षेला शेक्सपिअरचं मॅकबेथ आहे. नाटक तीनदा वाचलं, गाईडं त्याहून जास्त वेळा. सरावाचा निबंध लिहिला: महत्त्वाकांक्षा, चेटकिणी, बायकोची चिथावणी, अपराधाची टोचणी, सगळं ओळीने आणलं. बाईंनी परत दिला तेव्हा खाली लाल पेनाने एवढंच होतं, "सगळं बरोबर आहे. यात तू कुठे आहेस?"

चारशे वर्षं लोक या नाटकावर लिहितायत, त्यात मी नवीन काय सांगणार? की मुद्दाम उलटं काहीतरी लिहू, मॅकबेथ बिचारा निर्दोष वगैरे? पुस्तक सुचवा, पद्धत सुचवा, काहीही चालेल.

खिडकीजवळचा:
निर्दोष नको, अंगाशी येईल. झोपलेल्या म्हाताऱ्या राजाला भोसकणाऱ्याची वकिली पाऊण तासात होत नाही.

नवीन कोणी मागितलेलंच नाही. स्वतःचं मत म्हणजे जगात पहिल्यांदा सुचलेलं मत नव्हे. ते तू नाटकाच्या ओळींवरून काढलंयस, गाईडवरून नाही, एवढं परीक्षकाला दिसलं की झालं. आठवडाभर गाईड मिटून ठेव आणि पेन्सिल घेऊन बस. समजलं तिथे खूण करू नकोस, अडखळलीस तिथे कर. "हा असं का बोलला?" असं जिथे वाटेल तिथे निबंध दडलेला असतो.

अर्धविराम:
वरच्याशी सहमत. मी बरीच वर्षं असे निबंध तपासलेत, त्यावरून एक युक्ती सांगते. एक साधा शब्द धर आणि नाटकभर त्याच्या मागे जा. 'रक्त' नको, त्याच्यामागे सगळा वर्ग धावतो.

नमुन्याला 'डन' घे. अंक १, प्रवेश ७ मध्ये मॅकबेथचं स्वगत याच शब्दाभोवती घुटमळतं: केलं की संपणार असेल तर लवकर केलेलं बरं. अंक ३, प्रवेश २ मध्ये बायको त्याला समजावते, झालं ते झालं. आणि अंक ५, प्रवेश १ मध्ये तीच बाई झोपेत चालताना म्हणते, झालेलं 'न झालेलं' करता येत नाही. एकाच बाईची दोन वाक्यं, शब्द जवळजवळ तेच, पण पहिलं दिलासा देतं आणि दुसऱ्यात सुटकाच नाही. हे बऱ्याच जणांनी लिहून झालंय, त्यामुळे उचलू नकोस. तुझा शब्द तू शोध.

रोखठोक:
शब्द मोजत बसायला ती हिशेबनीस आहे का? नाटक आहे ते, मोठ्याने म्हणून बघ. "आपण फसलो तर?" असं मॅकबेथ विचारतो, तेव्हा लेडी मॅकबेथ दोनच शब्द बोलते: वी फेल. १६२३च्या छापील फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहात) पुढे प्रश्नचिन्ह आहे, नंतरच्या काही संपादकांनी उद्गारचिन्ह केलं. सारा सिडन्स या नटीने तीन तऱ्हा करून पाहिल्या म्हणतात, आधी तुच्छतेचा प्रश्न, मग संतापाचा उद्गार, आणि शेवटी कायम ठेवला तो सपाट पूर्णविराम. फसलो तर फसलो. तिन्ही म्हणून बघ, दर वेळी वेगळीच बाई उभी राहते. तुला कुठली पटते आणि का, तेवढं लिहिलंस तरी बाईंना उत्तर मिळालं.

अर्धविराम:
@रोखठोक, म्हणजे शेवटी तुम्हीही दोन शब्दांवरच आलात की :)

बिनओळींची_वही:
चार दिवसांनी परत आले. सापडलंय बहुतेक!! राजा डंकनचा खून होईपर्यंत 'मर्डर' हा शब्द कोणीच उच्चारत नाही. दोघं सारखं 'बिझनेस' म्हणतात. म्हणजे त्यांच्या लेखी खून हा धंदा आहे, नफातोटा. लिहू का असं?

अर्धविराम:
थांब, घाई झाली. एक, तेव्हाच्या इंग्रजीत 'बिझनेस' म्हणजे नुसतं काम, कामगिरी. धंदा आणि नफातोटा हे आपण आत्ता त्यात घालतोय. शब्दाच्या मागे जाणाऱ्याने टिपा असलेली प्रत जवळ ठेवावी ती यासाठी. दोन, अंक १, प्रवेश ३ पुन्हा उघड. चेटकिणी भेटल्या भेटल्या मॅकबेथ मनाशी 'मर्डर' म्हणतो. प्रवेश ५ मध्ये लेडी मॅकबेथही दुष्ट शक्तींना हाक मारताना 'मर्डरिंग' म्हणते.

पण फेकून देऊ नकोस. आता फक्त एवढं बघ, शब्द निघतो तेव्हा जवळ कोण असतं?

बिनओळींची_वही:
अरे देवा. कोणीच नसतं! तो स्वतःशी म्हणतो, ती एकटी असताना म्हणते. खंजिराच्या स्वगतातही 'मर्डर' आहे, तिथेही तो एकटाच. पण दोघं समोरासमोर आले की 'हे काम', 'तो बेत', 'ते'. म्हणजे दोघांनाही नाव ठाऊक आहे, फक्त एकमेकांसमोर घेत नाहीत. आणि खुनानंतर, अंक २, प्रवेश २ मध्ये, दोघांच्या बोलण्यात तो शब्द पहिल्यांदा येतो तोही त्यांचा म्हणून नाही. झोपेत कोणीतरी "मर्डर!" ओरडलं, असं मॅकबेथ तिला सांगतो. शब्द तिसऱ्याच्या तोंडून घरात येतो.

खिडकीजवळचा:
अंगावर काटा आला. मी हे नाटक इतक्यांदा वाचलंय आणि हे लक्षात आलं नव्हतं.

रोखठोक:
बरं, हिशेबनिशीबद्दलचे शब्द मागे घेतो. पण एक खडा आहे. अंक १, प्रवेश ७ च्या शेवटी ती नवऱ्यासमोर 'आवर ग्रेट क्वेल' म्हणते. क्वेल म्हणजे ठार मारणंच. तुझा नियम तिथे मोडतो.

बिनओळींची_वही:
मग गेलं का सगळं?

अर्धविराम:
उलट सावरलं. तो खडा लपवू नकोस, तूच आधी काढून दाखव. 'क्वेल' म्हणजे मारणं खरं, पण त्यात बंड मोडून काढल्याचाही वास आहे. तो शब्द आणि वर 'ग्रेट', म्हणजे खुनाला पराक्रमाचा अंगरखा. "नाव घेत नाहीत" याऐवजी "नाव घ्यायची वेळ आली की भलतं नाव घेतात" असं लिही. दावा थोडा आकसतो, पण आता ढकलून पडत नाही. निबंधात हा उलटा पुरावा आला की परीक्षक सावरून बसतो.

आणि शीर्षकाखालच्या पहिल्याच वाक्यात दावा आला पाहिजे. "शेक्सपिअर भाषेचा प्रभावी वापर करतो" असलं काही लिहिलंस तर मी येऊन लाल पेन फिरवीन.

तळघर:
उशिरा आलो. काळाचा संदर्भ मागतातच, तर तुझ्या मुद्द्याला बसणारा एकच घे. १६०५चा बारुदाचा कट (राजा जेम्ससकट इंग्लंडची संसद उडवून देण्याचा) आणि पुढच्या वर्षी त्यात जेझुइट (कॅथलिक संघाचा) पाद्री हेन्री गार्नेटवर चाललेला खटला. शपथेवर दुहेरी अर्थाचं बोलणं पाप आहे की नाही, यावर तेव्हा रण माजलं होतं. अंक २, प्रवेश ३ मधला द्वारपाल असल्याच एका दुटप्पी बोलणाऱ्याला नरकात घेतो, आणि दारामागे हे दोघं नुकतेच हात धुऊन आलेत. बाकी राजा जेम्स स्वतःला नाटकातल्या बँको या सरदाराचा वंशज मानायचा वगैरे खरं असलं तरी या निबंधात उपरं वाटेल.

समीक्षकही एखादाच. ब्रॅडलीने १९०४मध्ये पात्रांची मनं उलगडून दाखवली, १९३३मध्ये एल. सी. नाइट्सने त्या पद्धतीची टर उडवली आणि शब्दांकडे, प्रतिमांकडे बघा म्हणाला. तू न ठरवता नाइट्सच्या वाटेने निघालीस. पण नवरा-बायकोच्या मनाबद्दल बोलतेस तेव्हा पाय ब्रॅडलीच्या अंगणात आहे. ही ओढाताण दोन ओळींत आली तर सुरेख.

अवांतर: अवतरणं लांबलचक पाठ करू नका मंडळी. तीन-चार शब्दांचे तुकडे पुरतात.

बिनओळींची_वही:
@तळघर, द्वारपालासाठी अंक २, प्रवेश ३ उघडला आणि पुढे वाचत गेले. खून उघडकीला आलाय, घंटा वाजतेय, सरदार मॅकडफ ओरडतोय, आणि लेडी मॅकबेथ येऊन पहिलंच काय विचारते?

"व्हॉट्स द बिझनेस?"

तोच शब्द! आणि मॅकडफ म्हणतो, बाईसाहेब, हे तुमच्या कानावर घालण्यासारखं नाही, ऐकूनच बाईमाणसाचा 'मर्डर' होईल. पुढच्या क्षणी बँको येतो आणि मॅकडफ त्याला सांगून टाकतो, राजाचा खून झालाय, 'मर्डर्ड'. ती तिथेच उभी आहे.

तिच्या पहिल्या प्रश्नापासूनच निबंध सुरू करतेय. पाऊण तासाचा गजर लावलाय, आता बोलू नका कोणी.