मदत हवी आहे: गाडीच्या जुन्या फॅक्टरी स्टीरिओचा व्हॉल्यूम नॉब उलटसुलट चालतोय

आवाज वाढवायला नॉब फिरवला की आकडा 12 वरून 13, मग एकदम 11. भरभर फिरवला तर आवाज चक्क कमी होतो. स्टीअरिंगवरच्या बटणांनी मात्र एकेक पायरी नीट सरकतो, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर ठीक आहे. दोष नॉबमागच्या रोटरी एन्कोडरचाच (नॉब किती आणि कुठल्या दिशेला फिरला हे सिग्नलांनी सांगणारा भाग).

पुढची पट्टी काढून मल्टिमीटरने तपासलं. एन्कोडरच्या तीन पिनांपैकी मधली कॉमन (सामाईक), बाजूच्या दोन 'ए' आणि 'बी'. 'ए' पिन एका खटक्याला (नॉब फिरवताना हाताला जाणवणारा टप्पा) कॉमनशी जोडली जाते, पुढच्याला तुटते, अगदी स्वच्छ. 'बी' जोडलेली असतानाही रीडिंग काही ओहमवरून किलोओहमवर उडतं. दोन्ही सिग्नलांपैकी आधी कोण बदललं यावरून दिशा ठरते, त्यामुळे एक अडखळला की उलटी उडी ठरलेलीच.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आत सोडून नॉब दोन्हीकडे भरपूर फिरवला. फरक थोडे दिवसच टिकला. जुनं ग्रीस काळं होऊन आतल्या संपर्काच्या पत्र्यांवर बसलं असणार.

एन्कोडरच्या वरच्या, पत्र्याच्या चार वाकवलेल्या पट्ट्या उचलून आतून साफ करावं का? त्या परत वाकवताना तुटतात का, आणि नंतर कोणतं ग्रीस लावायचं?

बदलायचा झाल्यास एका फेरीत 24 खटके, 12 पल्स (सिग्नल 12 वेळा जोडून तुटतो), पुश स्विचवाला बघतोय. 24 पल्सचा लावला तर एका खटक्याला दोन पायऱ्या जातील ना? शिवाय एन्कोडरच्या बाजूचे दोन जाड पाय सर्किट बोर्डावरच्या ग्राउंडच्या तांब्यात असल्याने उष्णता शोषतात. तिथलं सोल्डर, बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक न उचकटता, कसं काढता?