गौरी-गणपतीची खरेदी आणि पंधरा पानांचा रोजचा स्वयंपाक: खर्च व वेळ कसा आवरावा?

प्रश्न — खाडीकाठ

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यात राहतो. मी शाळेत शिकवते आणि माझे यजमान एस.टी.मध्ये नोकरीला आहेत. मूळ घर आमच्याकडे असल्यामुळे गणपती आमच्याच घरी बसतो. दोन्ही दीर आणि नणंद मुंबईहून सहकुटुंब येतात, त्यामुळे चतुर्थीपासून गौरी-विसर्जनापर्यंत दोन्ही वेळा पंधरा-सोळा पाने वाढावी लागतात. माणसे येतात याचा आम्हा सर्वांना मनापासून आनंद आहे. मुलेही वर्षभर या दिवसांची वाट पाहतात.

अडचण अशी आहे की मला सुटी अगदी चतुर्थीच्या तोंडावर लागते आणि यजमानांना तर या दिवसांत जादा गाड्यांमुळे रजाच मिळत नाही. त्यामुळे सगळी खरेदी शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळच्या गर्दीत, मागतील त्या भावाने करावी लागते, आणि सणाचे दिवस सुरू झाले की घरातल्या बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत चुलीपुढून हलत नाहीत. सासूबाईंचे वय झाले आहे. त्यांना आता उभ्याने काम होत नाही, पण त्या स्वस्थ बसतही नाहीत.

नैवेद्यात किंवा आलेल्या माणसाच्या पानात काही कमी करावे असे मला मुळीच वाटत नाही, आणि बाहेरून तयार जेवण मागवण्याची आमच्याकडे पद्धत नाही. तरीही खरेदी आधीपासून कशी विभागावी आणि कोणत्या दिवशी काय शिजवले म्हणजे काम हलके होईल, हे ज्यांच्या घरी असाच गोतावळा जमतो त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर — असोला_नारळ

ताई, आधी माणसांचा आकडा पक्का करून घ्या, कारण आपल्याकडे निम्मा पैसा अंदाजाने आणलेल्या जादा सामानात जातो. रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे, म्हणजे कोण कोणत्या तारखेला येणार आणि कधी परतणार हे सणाच्या सुमारे दोन महिने आधी, साधारण आषाढात, बहुतेक कळलेले असते. त्याच सुमारास पंचांगही पाहून ठेवावे. गौरी तिथीवर नव्हे तर नक्षत्रावर येतात (अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन), त्यामुळे गौरीबरोबर जाणारा गणपती एखाद्या वर्षी पाच दिवस असतो, तर एखाद्या वर्षी सहा किंवा सात. एक दिवस वाढला म्हणजे पंधरा माणसांची दोन जेवणे वाढली, हे सामानाच्या यादीत आधीच धरले पाहिजे.

खरेदी करताना जिन्नस किती टिकतो ते पाहून क्रम लावावा. नारळ हा आपला सर्वांत मोठा खर्च, आणि अलीकडे त्याचे भाव किती चढले आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. घरचे माड पुरत नसतील तर वाडीतल्या कोणाकडून तरी आषाढातच असोले (न सोललेले) नारळ घेऊन ठेवावेत. सोडण (वरची काथ्याची साल) असलेला नारळ कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतो. सोललेला मात्र पावसाळी हवेत लवकर खराब होतो आणि सणाच्या आठवड्यात बाजारात सोललेलाच मिळतो, तोही चढ्या भावाने. काळे वाटाणे, चवळी, मूग, चणाडाळ, गूळ आणि सुक्या मिरच्या श्रावण लागण्यापूर्वी आणाव्यात. रवा आणल्याबरोबर कोरडा भाजून, पूर्ण निववून डब्यात भरावा, म्हणजे दमट हवेतही त्यात किडे होत नाहीत आणि ऐन वेळी शिऱ्यासाठी भाजत बसावे लागत नाही.

तेलाचा पंधरा किलोचा डबा दोन घरांनी मिळून घेतल्यास स्वस्त पडतो. पाकिटे घेणार असाल तर वजन आणि माप यांची गल्लत होऊ देऊ नये. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरते, त्यामुळे ‘एक लिटर’ आणि ‘एक किलो’ असे लिहिलेली दोन पाकिटे सारखीच दिसली तरी सारखी नसतात, आणि त्याहूनही कमी भरतीची पाकिटे त्याच आकाराची मिळतात. वेष्टनावर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर विक्री किंमत छापलेली असते. तुलना तिच्यावरून करावी.

खारीक, बेदाणे, खसखस, वेलची, काजू सोडून बाकीचा सुका मेवा हे सर्व मुंबईच्या मंडळींना मशीद बंदर किंवा वाशीच्या घाऊक बाजारातून आणायला सांगावे. काजू आपल्याकडचेच घ्यावेत, आणि त्यातही तुकडा काजू घ्यावा. मोदकाच्या चुनात (खोबरे-गुळाच्या सारणात) आणि खिरीत अखंड काजूला काहीही अर्थ नसतो. खर्चाच्या वाटणीची गोष्टही भिडेखातर टाळू नये. आमच्या घरी मूर्ती, किराणा आणि भजनाचा खर्च भावांनी ठरवून वाटून घेतला आहे आणि त्यामुळे नात्यात कटुता न येता उलट मोकळेपणा आला.

सजावटीवर मी फार बोलणार नाही. थर्माकोलच्या मखरावर राज्यात २०१८ पासून बंदी आहेच, आणि आपल्या माटवीला (गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला) लागणारे कवंडळ, हरणे, तेरडा, कांगणी, आंब्याचे टाळे हे सर्व रानातून आणि परसातून मिळते. मुलांना घेऊन एक सकाळ फिरावे. जेवायला केळीची पाने काढली की भांडी घासण्याचे निम्मे काम वाचते.

इतर वाचकांसाठी एक सांगतो. २०२२ च्या दिवाळीपासून पात्र शिधापत्रिकाधारकांना १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ मिळू लागला आणि २०२३ व २०२४ च्या गणपतीतही तो देण्यात आला. परंतु तो दरवर्षी मिळेलच असे धरून यादी करू नये. रास्त भाव दुकानात आधी विचारून घ्यावे.

उत्तर — तळकोकणी

वरील उत्तर उत्तम आहे. मी फक्त फ्रीजविषयी लिहितो, कारण पुण्या-मुंबईच्या लोकांनी दिलेले सल्ले आपण जसेच्या तसे उचलतो. ओल्या नारळाचे वाटण, खोवलेले खोबरे, मोडाची कडधान्ये आठवडाभर आधी करून गोठवून ठेवा असे सर्वत्र सांगितले जाते. पण भाद्रपदात वाऱ्या-पावसाने आपल्याकडची वीज एकदा गेली की रात्र-रात्र येत नाही आणि सगळे केलेले फुकट जाते. त्यामुळे आगाऊ तयारी करायची ती कोरडी करावी. सुके खोबरे, धणे, बडीशेप, मिरी, लवंग आणि दालचिनी वेगवेगळी भाजून, पाण्याचा थेंबही न लावता एकत्र दळून काचेच्या बरणीत भरावी. हा मसाला फ्रीजविना आठवडाभर सहज टिकतो, त्यात कांदा-लसूण नसल्यामुळे नैवेद्यालाही चालतो, आणि उसळीत, आमटीत, भरल्या भाजीत दोन-तीन चमचे घातला की वाटण वाटावे लागत नाही. ओले खोबरे मात्र त्या त्या दिवसापुरतेच खोवावे. खोवणे हे बसून करण्याचे काम आहे. आपल्या सासूबाईंना ते सोपवले तर त्यांचाही मान राहील आणि पायांना विश्रांती मिळेल.

उत्तर — पाटा_वरवंटा

ताई, आमच्याकडेही एवढीच पाने असतात, म्हणून दिवसांप्रमाणे सांगते. सणाने प्रत्येक दिवसाचे जेवण जवळजवळ ठरवूनच दिले आहे. त्यावर आपण हौसेने चार पदार्थ वाढवतो आणि तिथेच दमतो.

चतुर्थीला सर्वांत जास्त वेळ मोदक खातात. सर्वांना पोटभर मोदक करायचा हट्ट सोडावा. नैवेद्याचे एकवीस मोदक हाताने, सुबक कळ्या काढून करावेत आणि उरलेल्या मंडळींसाठी त्याच चुनाच्या पातोळ्या कराव्यात. परसातली हळदीची पाने याच दिवसांत मोठी झालेली असतात. पानावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर द्यायचा, चून पसरायचे, पान मिटायचे आणि वाफवायचे. हे काम दहा-बारा वर्षांची मुलेसुद्धा नीट करतात. एकवीस मोदकांना दोन वाट्या पिठी आणि एका मोठ्या नारळाचे चून साधारण पुरते. दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी चिरलेला गूळ धरावा. उकड उरली तर मीठ, जिरे आणि हिरवी मिरची वाटून घालून निवगऱ्या कराव्यात. मुलांना त्या मोदकांपेक्षाही आवडतात.

मोदकाच्या पिठीसाठी तांदूळ धुऊन सावलीत वाळवावे लागतात आणि श्रावणात ते वाळत नाहीत, म्हणून पुष्कळ जणी महागडी तयार पिठी आणतात. तिची गरज नाही. आंबेमोहोर किंवा घरचा सुवासिक तांदूळ चार तास भिजवावा, वाटीला साधारण सव्वा ते दीड वाटी पाणी घालून अगदी गंधासारखा वाटावा, आणि जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप व चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर, सतत ढवळत, गोळा होईपर्यंत शिजवावा. मग झाकण ठेवून एक वाफ काढावी आणि गरम असतानाच मळावा. या उकडीचे मोदक फाटत नाहीत.

चतुर्थीच्या बाकीच्या पानात वरण-भात, अळूचे फदफदे, एक कोशिंबीर आणि खतखते पुरेसे आहे. खतखत्यात परसातले आणि बाजारातले जे स्वस्त असेल ते सर्व जाते: सुरण, भोपळा, दोडका, कणीस, शेवग्याच्या शेंगा. खोबरे, चिंच किंवा कोकम आणि ठेचलेली तिरफळे एवढ्यावर ते उत्तम होते. मोठ्या टोपात एकदाच करावे. संध्याकाळी त्याची चव अधिक मुरते.

दुसरा दिवस ऋषिपंचमीचा. ऋषीची भाजी हीच त्या दिवशीचे मुख्य जेवण असते, तिला फोडणी नाही, मसाला नाही, तळण नाही. अळू, लाल माठ, सुरण, काकडी, भेंडी, दोडका यांसोबत वरीचा भात केला की एका टोपात दिवस पार पडतो. अळू आणि सुरण घशाला खाजतात, म्हणून आंबट घालायला विसरू नये. आदल्या दिवशी दमलेल्या बायकांना हा दिवस विसाव्याचाच समजावा आणि त्यात दुसरे काही मिसळू नये.

मधल्या दिवसांत सकाळी आंबोळ्या आणि रात्री पेज, भाजी, लोणचे किंवा मुगाची खिचडी असा साधा बेत ठेवावा. आंबोळीला तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीदडाळ आणि थोडे मेथीदाणे वेगवेगळे भिजवून, वाटून रात्रभर आंबवायचे. गौरीपूजनाला घावन-घाटले करतो, त्याचे घावनही तांदळाचेच, मात्र पीठ आंबवायचे नसते. म्हणजे तांदूळ एकाच वेळी जास्त भिजवता येतो. घाटल्याला नारळाचे दूध, गूळ, तांदळाची पिठी आणि वेलची लागते. ते पाऊण तासात होते. आपल्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असेल तर वड्यांचे पीठ आधीच गिरणीतून दळून आणावे आणि कोंबडीची आगाऊ नोंद करावी, कारण त्या दिवशी भाव चढतोच.

आणखी एक मनापासून सांगते. मुंबईहून आलेल्या जावा आणि नणंदा पाहुण्या नसतात, त्या घरच्याच आहेत, आणि त्यांना काम हवे असते. फक्त कोणते काम कोणाचे हे आयत्या वेळी सांगितले की गोंधळ होतो. आदल्या रात्री ठरवावे. पुरुषांनी पाने काढणे, वाढणे आणि भांडी हे तीन भाग घ्यावेत, आमच्याकडे घेतात.

खाडीकाठ

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. उकडीची ही वाटण्याची रीत मला ठाऊक नव्हती. अजून एक विचारायचे राहिले. आमच्या वाडीत रोज रात्री घरोघरी भजन होते आणि आमच्याकडे एका रात्री तीस-पस्तीस माणसे तरी येतात. त्यांना उसळ-पाव आणि चहा देतो. दिवसभर राबून त्या रात्री पुन्हा एवढा स्वयंपाक करणे जड जाते, आणि दरवर्षी काहीतरी उरते किंवा कमी पडते. याचे माप आणि वेळ कशी ठरवावी?

उत्तर — तळकोकणी

काळ्या वाटाण्याची उसळ हाच योग्य बेत आहे, तो बदलू नये. सुके वाटाणे माणशी चाळीस ते पन्नास ग्रॅम धरावेत. पस्तीस माणसांना दीड किलो वाटाणे पुरतात, कारण भिजून त्यांचे वजन दुपटीच्या आसपास जाते. ते दहा-बारा तास भिजावे लागतात, म्हणून भजनाच्या आदल्या रात्री भिजत घालावेत आणि सकाळचा भात उतरला की लगेच मीठ घालून कुकरमध्ये शिजवून ठेवावेत. वाटाणा बोटाने सहज चिरडला गेला पाहिजे. शिट्ट्यांवर विसंबू नये, कारण जुना वाटाणा बराच जास्त वेळ घेतो. संध्याकाळी आरतीनंतर तेलात फोडणी, वर सांगितलेला कोरडा मसाला, थोडा घरचा मालवणी मसाला आणि कोकमे एवढे घातले की अर्ध्या तासात उसळ तयार होते. मालवणी मसाल्यात घरोघरी फरक असतो. आपल्या मसाल्यात लसूण असेल आणि त्या दिवशी चालत नसेल तर नुसती मिरचीपूड वापरावी. रस दाट करायचा असेल तर शिजलेलेच मूठभर वाटाणे ठेचून घालावेत, जादा नारळ खर्च करू नये.

पाव माणशी दोन धरून बेकरीत दोन दिवस आधी सांगून ठेवावेत, आणि भजनाची तारीख वाडीत ठरताच इतर घरांशी बोलून घ्यावे. आमच्या वाडीत एका रात्री दोन घरी भजन असेल तर एका घरी फक्त चहा आणि खिरापत, आणि दुसऱ्या घरी उसळ असे सर्वांच्या संमतीने ठरले आहे. बुवांनाही तेच बरे वाटते, कारण भरल्या पोटी गाता येत नाही. चहासाठी साखर आणि पूड त्या रात्रीपुरती वेगळी मोजून डब्यात काढून ठेवावी. उसळ उरलीच तर ती रात्रीच एक उकळी काढून, निववून फ्रीजमध्ये ठेवावी आणि सकाळी आंबोळीबरोबर वाढावी. वीज गेलेली असेल तर मात्र ती ठेवू नये, त्याच रात्री शेजारी वाटून टाकावी.