अपहरण आणि अपनयन: फरक काय?

प्रश्न: पेपरात 'अपहरणाचा गुन्हा दाखल' असं येतं, फिर्यादीच्या नकलेत मात्र 'अपनयन' दिसतं. दोन्ही एकच ना? आणि नवराबायकोच्या भांडणात बापाने पोराला उचलून नेलं, तर ते कशात बसतं?

उत्तर १: एकच नाहीत. अपनयनात मूल कोणाच्या रखवालीतून गेलं ते बघतात. पालकाला न विचारता अल्पवयीन मुलाला नेलं किंवा फूस लावून नेलं, की गुन्हा झाला. जोरजबरदस्ती लागत नाही, आणि पोर 'मी राजीखुशीने गेलो' म्हणालं तरी ती संमती धरत नाहीत. अपहरणात बळजबरी किंवा फसवणूक हवी, वय कितीही असो. पण नुसतं अपहरण हा गुन्हाच नाही! खून, खंडणी असा काही हेतू सोबत लागतो. भारतीय न्याय संहितेत अपनयन कलम १३७, अपहरण १३८. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३६१ मध्ये मुलगा १६, मुलगी १८ अशी वयं होती, १ जुलै २०२४ पासून दोघांनाही १८. अपनयनाला शिक्षा सात वर्षांपर्यंत, शिवाय दंड.

उत्तर २: खरी मारामारी 'नेणे' या क्रियापदावर होते. वरदराजन खटल्याच्या १९६४ च्या निकालात अठराला टेकलेल्या कॉलेजकन्येनेच फोन करून आरोपी वरदराजनला बोलावलं होतं. सोबत येऊ देणं म्हणजे नेणं नव्हे, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. 'पळवली' आणि 'पळून गेली' यांतला फरक आपल्या आज्यांना आधीच ठाऊक होता म्हणा.

उत्तर ३: मग मूल बेपत्ता झालं की सरसकट 'अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले' का लिहितात?

उत्तर २: २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की हरवलेलं मूल आधी पळवलेलं समजून गुन्हा नोंदवा. त्यामुळे रुसून मामाकडे गेलेल्या पोराच्या कागदावरही तेच वाक्य.

उत्तर १: बापाचं राहिलं. हिंदू कायद्यात तो नैसर्गिक पालक, त्यामुळे न्यायालयाची मनाई नसेल तर स्वतःचं मूल नेल्याबद्दल अपनयन लागत नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटलं. ताबा आईकडे देणारा आदेश असेल तर गणित बदलतं. कौटुंबिक न्यायालयात 'ताबा' रुळलाय, पण तो शब्द मला फ्लॅटचा वाटतो. 'रखवाली' बरी: मूल कायदेशीरपणे ज्याच्यावर सोपवलं तो, म्हणजे आजी किंवा वसतिगृहाची अधीक्षकसुद्धा, इथे पालकच.