ऑपरेशनआधीचं कर्बोदकांचं पेय घ्यावं का? (मदत हवी आहे)

वहिनींचं (वय 52, फोंडा) स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. गाठ ईआर पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन या संप्रेरकाला प्रतिसाद देणारी), मधुमेह नाही, केमो झालेली नाही.

भूलतज्ज्ञांनी जेवण 6 तास आणि पाणी 2 तास आधी बंद सांगितलंय. शिवाय माल्टोडेक्स्ट्रिन या कर्बोदकाची पाण्यात मिसळायची पावडर दिलीय, आदल्या रात्री आणि सकाळी घ्यायला. सकाळच्या 400 मिलीत 50 ग्रॅम कर्बोदकं. उपाशीपोटी शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही म्हणून हे, एवढं कळलं.

पण 2019 चा नॉर्वेतला 61 रुग्णांचा अभ्यास वाचनात आला. त्यात पेय घेतलेल्या ईआर पॉझिटिव्ह बायकांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. अभ्यास लहानच, घाबरण्यासारखं नाही असं मला वाटतं. वहिनींनी मात्र पावडरचा डबा कपाटात टाकलाय. सर्जन म्हणाले, भूलतज्ज्ञांना विचारा, आणि ते आता आदल्या दिवशीच भेटणार. (आई उकड्या तांदळाची पेज सुचवतेय. ती पारदर्शक द्रवात मोडत नाही, तेव्हा तो सल्ला नको.)

इथले भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ सांगू शकतील का: पोट न उघडणाऱ्या अशा ऑपरेशनला हे पेय वगळून नुसतं पाणी ठेवलं तर काही बिघडतं का? ईआर पॉझिटिव्ह रुग्णांना तुम्ही स्वतः ते देता का?