मृत पाळीव प्राण्यांचे ‘निरोप’ : दिलासा की फसवणूक?

अंगणवेल :
आमची मांजर गुंडी चौदा वर्षांची होऊन गेली. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर चार दिवस सलाइन लावले आणि पाचव्या दिवशी, डॉक्टरांशी बोलून, तिला इंजेक्शन देऊन कायमचे झोपवण्याचा निर्णय मी घेतला. प्राण गेल्यावरही तिचे डोळे उघडेच राहिले, आणि ते आईच्या मनातून जाईना. एका नातेवाइकांच्या आग्रहावरून आम्ही मृत प्राण्यांशी बोलणाऱ्या एका ‘ॲनिमल कम्युनिकेटर’ बाईंची वेळ घेतली. अर्ध्या तासाचे अडीच हजार रुपये, तेही आगाऊ. डोळे स्पष्ट दिसतील असा फोटो, वय, घरातल्या माणसांची नावे आणि मृत्यूचे कारण एवढे सगळे अर्जातच भरून द्यायचे होते.

गुंडीला कमरेत जडपणा वाटत होता, पाण्याजवळची एक जागा तिला आवडायची आणि तिचा तुमच्यावर राग नाही, असे बाईंनी सांगितले. आई हमसून रडली आणि त्या रात्री आठवड्यात प्रथमच नीट झोपली, हे मी नाकारत नाही. मात्र मूत्रपिंडाचा आजार झालेले मांजर पाण्याच्या भांड्यापाशीच बसून असते, आणि तो आजार अर्जात मीच लिहिला होता. पडताळून पाहता येईल असे विधान एकच निघाले : लाल चेंडू. तसा चेंडू आमच्याकडे कधीच नव्हता. ‘आठवा, आठवेल,’ असे बाई म्हणाल्या आणि संध्याकाळी आईने ट्रंकेतून लाल काठाचे जुने फडके शोधून काढले. चेंडूचे फडके आम्हीच केले आणि पैसेही आम्हीच दिले.

बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचे खास स्वभाववर्णन’ म्हणून एकच मजकूर वाटला होता, तेव्हा त्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. आमचेही तेच झाले. बोलणाऱ्या व्यक्तीची स्वतःच्या शक्तीवर श्रद्धा असली, तरी ही फसवणूकच आहे, असे माझे मत आहे.

ओसरी :
असहमत. माणूस गेला तर सुतक असते, दहावे-तेरावे असते, भेटायला लोक येतात. मांजर गेले तर ‘दुसरे आणा’ एवढेच ऐकू येते आणि कार्यालयात रजेचे कारण सांगायचीही लाज वाटते. समाज ज्याची दखल घेत नाही अशा शोकावर केनेथ डोका या शोक-अभ्यासकांनी १९८९ साली एक पुस्तक संपादित केले; पाळीव प्राण्याचा मृत्यू हे अशा शोकाचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. त्या अर्ध्या तासात आपल्या आईंचे दुःख निदान एका व्यक्तीने हसण्यावारी नेले नाही. शिवाय पिंडाला कावळा शिवेना म्हणून ‘धाकट्याचे लग्न आम्ही लावून देऊ’ असे हात जोडून सांगणारे आपण, कोणत्या तोंडाने या बाईंना हसतो?

तिरका डोळा :
काकस्पर्शाचा दाखला उलट आपल्याच विरुद्ध जातो. तिथे वचन नातेवाईक स्वतः देतात. ‘गेलेला माणूस माझ्या कानात बोलला’ असे गुरुजी म्हणत नाहीत. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा शिवून विधी पुरा करतात आणि माणसे घरी जातात. त्या विधीला थांबणे ठाऊक आहे, या धंद्याला पुढची वेळ विकायची असते.

यात नवे काहीच नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या फॉक्स भगिनींनी १८४८ साली मृतात्म्यांच्या ‘टकटकी’ ऐकवल्या, त्यातून परलोकविद्येची मोठी चळवळ उभी राहिली, आणि १८८८ साली मार्गारेटने तो आवाज पायाच्या बोटांच्या सांध्यांचा असल्याचे भर सभागृहात करून दाखवले. वर्षभराने तिने ही कबुली मागे घेतली, हेही सांगायला हवे. बर्लिनचा हान्स घोडा तर याहून बोधप्रद आहे. तो खूर आपटून गणितांची उत्तरे देतो असे मालक प्रामाणिकपणे मानत होता. घोडा समोरच्या माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली टिपतो, हे १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले. इथे घोड्याचीही गरज उरलेली नाही.

राहिला कायदा. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कारांवर पैसे मिळवून लोकांना ठकवणे हा गुन्हा आहे. मांजराचा निरोप हा चमत्कार ठरतो की नाही, यावर वकील मंडळी सुखेनैव वाद घालतील.

ओसरी :
दर्भाच्या कावळ्याचा मुद्दा मान्य. पण बाई नकोत, तर आईंनी जायचे कुठे? या प्रश्नाला आपल्या प्रतिसादात उत्तर नाही.

गुरांचा डॉक्टर :
उत्तर आमच्याकडे असायला हवे होते. मी पशुवैद्य आहे आणि या प्रकरणात आमच्या व्यवसायाचाही दोष आहे, असे मला वाटते. झोपवताना बहुधा आधी गुंगीचे औषध देतात आणि मग थायोपेंटोनसारख्या भुलीच्या औषधाचा मोठा डोस शिरेतून सोडतात. त्याने आधी शुद्ध जाते, मग श्वास आणि हृदय थांबते. डोळे मिटण्यासाठी स्नायूंना काम करावे लागते आणि मृत्यूनंतर ते सैल पडतात, म्हणून कुत्र्या-मांजरांचे डोळे सहसा उघडेच राहतात. कधी कधी नंतरही एखादा श्वासासारखा झटका येतो. या दोन्हींत वेदना नसते आणि कोणाकडे पाहणेही नसते. हे आधी सांगायला दोन मिनिटे लागतात. बाहेर सहा जण ताटकळत असतात म्हणून आम्ही ती देत नाही, आणि मालक तो उघडा डोळा घेऊन घरी जातात.

अंगणवेल :
डॉक्टर, आपला प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. ‘डोळे मिटण्यासाठी’पासून पुन्हा वाच, एवढेच म्हणाली. तिने परस्पर गुरुवारची दुसरी वेळ घेतली आहे हे मला कालच कळले. अर्जातल्या ‘काय विचारायचे आहे?’ या रकान्यात तिने एकच ओळ लिहिली होती : डोळे उघडे का ठेवलेस? वेळ अजून रद्द केलेली नाही. ती ओळ मात्र आज सकाळी तिने खोडली.